रोल नंबर सत्तेचाळीस

माणूस मेला की तो मनमिळाऊ होतो, हे मला आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळानं शिकवलं. वर्षभरात वारलेल्यांची चरित्रं मंडळाच्या स्मरणपत्रकासाठी मी लिहितो, प्रत्येकी तीन ओळी. अकरा वर्षं लिहितोय. एवढ्या वर्षांत एकही तिरसट, चिक्कू किंवा बायकोवर हात उचलणारा माणूस मेलेला नाही. मेले ते सगळे परोपकारी, शिस्तप्रिय आणि हसतमुख. गेल्या साली एक वकील गेला. सख्ख्या भावाची जमीन ढेकर न देता पचवलेला गडी. त्याला मी 'कुटुंबवत्सल' लिहिलं, तर अध्यक्षांनी त्याआधी 'अत्यंत' जोडलं.

आमचं कॉलेज लुथरन मिशनचं. कोल्हापुरात त्याला सगळे पाद्र्यांचं कॉलेज म्हणतात. ख्रिस्ती पोरं मूठभर, बाकी आम्ही आसपासच्या गावांतून फी कमी म्हणून आलेले. चर्चचं वर्ष नाताळच्या चार-पाच आठवडे आधी संपतं, आणि त्या शेवटच्या रविवारी ही मंडळी मेलेल्यांची आठवण काढतात. आमच्या वेळचे प्राचार्य ओल्सनसाहेब यांनी त्यात स्वतःची भर घातली. चॅपलमध्ये वारलेल्याचा रोल नंबर आणि नाव पुकारायचं, आणि त्याच्या वर्गातल्या कुणीतरी उभं राहून त्याच्या वतीनं 'हजर' म्हणायचं. तीनदा पुकारून कुणी उठलं नाही तर पुढचं नाव घ्यायचं. साहेब केव्हाच स्वीडनला परत गेले, पद्धत राहिली. आणि खोटी हजेरी दिली म्हणून एका पोराला कॉलेजातून हाकलणारे हेच साहेब, याचं हसू मला दरवर्षी येतं.

त्या पोराचं नाव लालासाब मुजावर. कबनूरचा, रोल नंबर सत्तेचाळीस. एकसष्ट साली आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या गळ्यात काय होतं देव जाणे, पण तो आमच्यातल्या सात जणांचे आवाज हुबेहूब काढायचा. माझा किनरा आवाज, नृसिंहचा घोगरा आवाज. आम्ही सात जण खुशाल पन्हाळ्यावर भटकायचो नाहीतर सिनेमाला बसायचो, आणि इकडे लालासाब मान खाली घालून सात गळ्यांनी 'हजर सर' म्हणत असायचा. बदल्यात कधी चहासुद्धा मागितला नाही. मित्रांचं काम आहे, एवढंच म्हणायचा.

एक दिवस नृसिंह चुकून वर्गात आला. मागच्या बाकावर जाऊन बसला, कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी त्याचं नाव पुकारलं आणि एकाच वेळी दोन घोगरे 'हजर सर' आले. सगळा वर्ग हसला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दुसरा कोण. नृसिंह ताडकन उठला आणि म्हणाला, "लालासाब, सर. मी त्याला सांगितलं नव्हतं." साहेबांनी लालासाबला उभं केलं, आणखी कुणाकुणाची हजेरी देतोस, नावं सांग, तुला सोडतो म्हणाले. लालासाबनं एक नाव घेतलं नाही. आम्ही बाकीचे सहा जण त्या दिवशी नेमके वर्गातच होतो, मूग गिळून बसलो. त्याचं नाव कमी झालं. आमची हजेरी पंचाहत्तर टक्के भरली आणि आम्ही पदवीधर झालो.

पुढं नृसिंहनं शिरोली एमआयडीसीत फाउंड्री टाकली आणि मंडळाचा अध्यक्ष झाला. आता शिस्तीवर भाषणं देतो, आणि ती मी लिहून देतो. मी हायस्कुलात मास्तर झालो. लालासाब कबनूरला यंत्रमागावर लागला. तिथं मागांच्या खडखडाटात माणसं खुणांनीच बोलतात, म्हणजे त्याच्या गळ्याचं काय झालं असेल ते दिसतंच आहे. मी काही कधी बघायला गेलो नाही. कबनूर इथून एसटीनं तासाभराच्या वाटेवर आहे, कोल्हापुरात कुणालाही विचारा, म्हणजे माझी लायकी कळेल.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात एक बाई माझ्या दारात आली. लालासाबची बायको, लालबी. छातीच्या दुखण्यानं तो श्रावणात गेला होता. तिनं पिशवीतून त्याचं कॉलेजचं ओळखपत्र काढलं, पंचवीस वर्षं जपलेलं. मी मनात म्हटलं, आता ही काही तरी मदत मागणार. मंडळात राहून माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण तिचं मागणं वेगळंच होतं.

"दरसाली त्या आठवणीच्या आयतवारी ते कोल्हापुरात यायचे," ती म्हणाली. "कंपाउंडच्या भिताडाभाईर हुबं ऱ्हाऊन नावं ऐकायचे आन् माघारी यायचे. म्हणायचे, मी गेल्यावर माझंबी घेतील. तेवढं घ्याय लावा, मास्तर. आन् तुमच्यातल्या कुणीतरी हजर म्हणा."

मी उठेन म्हणालो. शपथ घेतल्यासारखं म्हणालो. भिंतीबाहेर उभा असलेला लालासाब डोळ्यांपुढून हलेना, आणि मला खरोखरच वाटलं की हे एक काम मी करीन.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. सात जणांतले आम्ही तिघे तिथं होतो. एकाला एकदम खोकला आला आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला. नृसिंह शांतपणे बिस्किट चहात बुडवत होता. "नाव कमी केलेलं पोरगं माजी विद्यार्थी कसं हुईल, जोत्या?" तो म्हणाला. "उद्या शिपायाचीबी नावं वाचाय लागतील." मग त्यानं माझ्या पोराची चौकशी केली. माझा थोरला त्याच्याच फाउंड्रीत दोन वर्षं टेंपररी होता. डिसेंबरात चार जणांना कायम करायचं आहे, पोरगा बरा आहे तुझा, असं म्हणून त्यानं दुसरं बिस्किट उचललं. धमकी द्यायलाही थोडी हिंमत लागते, तेवढीसुद्धा त्याला खर्च करावी लागली नाही.

मी मात्र त्या दिवशी घरी आलो तो पेटून. या असल्या माणसाला 'शिक्षणप्रेमी' लिहून देणारा माझा हात मला नकोसा झाला. नावांची यादी माझ्याच अक्षरात असायची. पाद्री अंबादास म्हातारे, डोळ्यांनी अधू, म्हणून मी ती ठळक शाईत लिहून द्यायचो आणि ते ती जशीच्या तशी वाचायचे. मंजूर यादीत नऊ नावं होती. मी दहावं घातलं. लालबीला पत्र टाकलं, या, मी आहे.

रविवारी चॅपल भरलं होतं. पुढच्या बाकावर नृसिंह, रेशमी टाय लावून. लालबी बायकांच्या बाजूला शेवटी बसली होती, डोक्यावर पदर घट्ट धरून. पाद्र्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. वकिलासारखीच आणखी दोन-चार रत्नं त्यात होती, आणि त्यांच्यासाठी उठायला झुंबड. एका साखर कारखान्याच्या संचालकासाठी तर पाच जण एकदम उठले. त्यातल्या दोघांनी त्याला कॉलेजात कधी पाहिलंही नव्हतं.

"रोल नंबर सत्तेचाळीस," पाद्री म्हणाले. "लालासाब मुजावर."

नृसिंहनं मान वळवली. रागानं नाही. नुसतं बघितलं, कोण उठतंय ते मोजून ठेवावं तसं.

मी गुडघ्यांवर हात ठेवले. उठायला एवढंच लागतं, हात गुडघ्यांवर आणि जरा जोर. पाद्र्यांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. माझ्या डोळ्यांपुढं पोरगा आला, त्याचा डबा, त्याची डिसेंबरची आशा, आणि मी स्वतःला सांगितलं की हे सगळं त्याच्यासाठीच आहे. लबाड माणसाला असल्या वेळी पोरंबाळं फार पटकन आठवतात. पाद्र्यांनी चष्मा सारखा केला आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं.

"हजर हाय," असा आवाज मागून आला.

लालबी उभी होती. तिला वर्गातला 'हजर सर' ठाऊक नव्हता. नृसिंह अर्धवट उठला आणि बाहेरच्या माणसाला असं चालत नाही म्हणून काहीतरी पुटपुटला. पाद्री अंबादासांनी ते ऐकलं, पण पेन उचललं आणि सत्तेचाळीसपुढं खूण केली. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. त्यात मी काय विचार करत होतो हे सांगण्यासारखं नाही.

नंतर अंगणात चहा होता. मी खांबाआड जाऊन उभा राहिलो, तरी तिनं मला शोधलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच सुरुवात केली, की मी उठणारच होतो, पण माझा पोरगा तिथं कामाला आहे, तुम्ही समजून घ्या.

"समजलं की," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं हुतं मला, कुणाकुणाची द्यायचे ते. तुमचंबी नाव हुतं त्यात." ओळखपत्र तिनं पिशवीत नीट ठेवलं. "पर मास्तर, त्यास्नी हजेरीची गरज न्हवती. ते दरसाली भिताडाभाईर हजरच हुते. आत गैरहजर तुमी हुतासा. मी तुमची दिली."

एवढं बोलून ती गाडी चुकेल म्हणून लगबगीनं फाटकाकडं गेली.

दहावं नाव कुणी घातलं हे नृसिंहनं विचारलं नाही; मी बसून राहिलेलं त्यानं पाहिलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला माझा पोरगा कायम झाला. नृसिंहच्या घरी पेढे घेऊन मीच गेलो.