माझ्या पोटातल्या करवंट्या

मी एक जुनी काँक्रीटची चकती आहे. जुनी म्हटलं की लगेच चेहरा पाडू नका, मित्रांनो. माझी कड दोन ठिकाणी उडाली आहे, एका बाजूला शेवाळ चढलं आहे आणि सध्या दुपारभर माझ्यावर एक लाल कोंबडी बसून असते, हे सगळं खरं आहे. पण मला कुणाची कीव नको. मी एक खोटेपणा पोटात घेऊन जन्माला आले होते आणि एका मुलीनं तो हातोड्यानं फोडला, तेवढी हकिगत ऐका.

विजयनगरमच्या पुढे, समुद्राच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथली माणसं भात लावतात, मासे सुकवतात आणि वजनं उचलतात. का उचलतात, असं तिथं कुणी विचारत नाही. गावात लोखंडी वजनांचा एकच संच होता आणि तो आंजनेयाच्या देवळामागच्या तालमीत होता. तालमीत मुलींना मज्जाव. रेल्वेच्या नोकरीत वजनं उचलण्याची पदकं मिळवून परत आलेले सूरप्पडू मास्तर या नियमावर वैतागले होते. ते मुलींना त्यांच्या त्यांच्या अंगणात जाऊन शिकवायचे. वजनं मात्र ज्यानं त्यानं घरीच करायची, सिमेंटची.

नूकरत्नमला सगळे रत्नम म्हणत. वय सतरा, अंगानं बारीक, बोलायला फटकळ. तिचे वडील सिंहाचलम विशाखापट्टणमला गवंडीकाम करायचे. हाताला असं कसब, की त्यांनी लावलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. अशा माणसाच्या हातून माझा जन्म झाला, याचा मला अभिमान वाटायला हवा होता.

त्यांनी रंगाची रिकामी बादली वीतभर उंचीवर कापली, आतून तेलाचा हात फिरवला आणि मधोमध पाइपाचा तुकडा उभा केला, दांडा ओवण्यासाठी. रत्नमनं वाळू चाळून दिली. सिमेंट एक माप, वाळू दीड, खडी तीन. सगळं कालवून झालं, तसे वडील म्हणाले, "मास्तरांना विचारून ये पोरी, भोक एवढं पुरेल ना?" रत्नम धावत गेली. तेवढ्या वेळात सिंहाचलमनी चुलीमागून नारळाच्या करवंट्या आणल्या. दोन-दोन तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, त्यांचे तीन पोकळ गोळे केले, ते पाइपाभोवती मांडले आणि वरून काँक्रीट ओतलं. माझ्या जुळ्या बहिणीचंही तसंच केलं. रत्नम परतली तोवर थापीनं आमचे चेहरे गुळगुळीत झाले होते. मग त्यांनी खिळ्यानं आमच्या ओल्या अंगावर '२०' असा आकडा कोरला.

मी सोळा किलोची होते. पोटात एक आणि ओठांवर एक, अशी माझी जन्मापासूनची अवस्था.

सिंहाचलमनी असं का केलं, ते मला पुढे कळलं. त्यांची धाकटी बहीण गौरम्मा श्रीकाकुळमला राहायची. तिच्या मुलाचं टायरचं दुकान होतं आणि भावाची मुलगी सून करून न्यायची, हे तिनं रत्नम पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. माझ्या जन्माआधी दोनच दिवस ती येऊन बजावून गेली होती, "अन्नय्या, वजनं उचलून खांदे एवढे रुंद झालेली, दारातून आडवी होऊन आत येईल अशी सून मला नको. आणि पोटात काही सरकलं-बिरकलं तिच्या, तर माझ्या घरात पाळणा कसा हलायचा?" सिंहाचलम बहिणीलाही नाही म्हणू शकले नाहीत आणि मुलीलाही. म्हणून मग करवंट्या.

रत्नमला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवडीत बसलं तर पुढचं शिक्षण, खेळ, सगळं तिकडे होणार. नाहीतर अठरा पूर्ण झाले की श्रीकाकुळमचं टायरचं दुकान.

रोज पहाटे नाचणीची अंबली पिऊन ती अंगणात यायची. भंगारातून आणलेला दांडा पंधरा किलोचा होता; तो भंगारवाल्यानं काट्यावर तोलून दिला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल वाद नव्हता. दोन टोकांना आम्ही दोघी. सुरुवातीला आम्ही तिच्या गुडघ्यांपर्यंत यायचो, मग छातीपर्यंत. पाचव्या महिन्यात तिनं आम्हाला एका झटक्यात डोक्यावर नेलं आणि हात ताठ करून उभी राहिली. वरून मला शेजारच्या परसातली केळी दिसली. मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "पंचावन्न! तालमीतल्या त्या रेड्यांना आणून दाखवा कुणीतरी!"

पंचावन्न नव्हे, सत्तेचाळीस. मी आतल्या आत ओरडत होते. पण दगडाला तोंड कुठलं? माझं जेवढं कौतुक व्हायचं, तेवढी मी स्वतःवर चिडायचे. लोक यायचे, माझ्यावरच्या आकड्यावर बोट फिरवायचे आणि मान डोलवायचे. त्या मुलीच्या अंगात वीस उचलायची ताकद आणण्यासाठी माझा जन्म होता आणि मी तिला रोज चार किलोंनी फसवत होते.

निवड जिल्ह्याच्या गावी होती. तिथं मी नव्हते. जे ऐकलं ते सांगते. पहिल्या खेपेला किती उचलणार, ते तिथं आधी सांगावं लागतं. रत्नमनं ऐटीत पन्नास सांगितलं, घरी पंचावन्न उचलणाऱ्या मुलीला पन्नास म्हणजे काय! पण या खेळाचा एक नियम आहे, मित्रांनो. एकदा सांगितलेलं वजन खाली आणता येत नाही. तेवढंच ठेवा किंवा वाढवा. खेपा तीनच. तिन्ही वेळा दांडा तिच्या कपाळाच्या पातळीला आला आणि तिथून परत खाली गेला. तिच्या नावापुढे शून्य लागलं.

आठ दिवसांत गौरम्मा आत्या साडी, केळी आणि हळदकुंकू घेऊन दारात हजर. साडी ठेवून घेतली गेली. रत्नमनं आम्हा दोघींना दांड्यावरून उतरवून अंगणात टाकून दिलं. मास्तर येऊन नुसते बसून गेले. सिंहाचलम मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे बाळा. देवाच्या मनात नव्हतं."

देवाच्या मनात! मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी त्यांच्या पायावर पडले असते, आणि नमस्कारासाठी खास नव्हे.

त्यानंतर अमावास्या आली. गवंड्यांना सुट्टी, म्हणून सिंहाचलम घरी होते. रत्नमची आई पैडम्मा अंगणात मासे निवडत होती. तीही बांधकामावरच जायची, डोक्यावर घमेली वाहायला. रत्नम माझ्याशेजारी मांडी घालून बसली होती आणि हाताला लागलेल्या हातोड्याच्या दांड्यानं मला उगाच ठोकत होती, टक, टक, टक. मग ढब.

तिचा हात थांबला. लहानपणी ती वडिलांबरोबर फरशीच्या कामावर जायची. फरशी बसली की प्रत्येक तुकड्यावर ठोकून बघायचं आणि जिथं खाली पोकळ वाजेल तिथं खडूनं फुली मारायची, हे तिचं काम होतं. तो आवाज तिला कुणी शिकवायला नको होता. तिनं मला पुन्हा ठोकलं. कडेला टक, मध्ये ढब. मग माझ्या बहिणीला. तसंच.

"नान्ना, ही फोडू?" तिनं वडिलांना विचारलं.

"कशाला फोडतेस? राहू दे. आईला कपडे धुवायला होईल."

तिसऱ्या घावाला मी फुटले. दुखलं का विचाराल तर नाही. खरं सांगायचं तर एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. माझं पितळ उघडं पडलं आणि एक करवंटी घरंगळत पैडम्माच्या पाटाशी जाऊन थांबली.

"हे काय आहे?" रत्नम म्हणाली.

सिंहाचलम वाकून माझे तुकडे गोळा करायला लागले.

"नान्ना, मी विचारतेय. हे काय आहे?"

"तुला लागू नये म्हणून."

"तिथं लागलं की मला. सगळ्या जिल्ह्यासमोर लागलं, तीनदा."

"तुझी आत्या म्हणत होती..." त्यांचा आवाज पडला. "बाईच्या जातीनं एवढं ओझं उचलायचं म्हणजे शरीराची वाट लागते. एकुलती एक मुलगी माझी."

पैडम्मानं हातातला मासा टोपलीत टाकला. "पाणटाकीजवळच्या त्या इमारतीचा स्लॅब ओतला तेव्हा ही माझ्या पोटात होती. सातवा महिना. चौथ्या मजल्यापर्यंत घमेली चढवली मी. डोक्यावर भरून कोण देत होतं?"

"मीच."

"त्या घमेल्यात करवंट्या घातल्या होत्यास?"

सिंहाचलम उठले, बादलीचा साचा शोधून काढला आणि घासायला घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग होता, पण तेव्हा थोडं वाईटही वाटलं. वाईट माणूस नव्हते ते. मुलीवर माया होती. विश्वास ठेवायचा राहून गेला होता.

"मी कालवणार," रत्नम म्हणाली. "तू फक्त बघ."

संध्याकाळी मास्तर आले, त्यांनी करवंटी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "काय मिस्त्री, लोकांची घरंही अशीच भरतोस का रे?" सिंहाचलमनी तेही ऐकून घेतलं.

मित्रांनो, माझा दुसरा जन्म माझ्याच तुकड्यांतून झाला. रत्नमनं आम्हा दोघींची खडी केली, त्यात नवं सिमेंट आणि वाळू घातली, मध्ये तारेचं कडं बसवलं आणि सळईनं इतकं ठासलं की आत हवेचा बुडबुडा राहिला नाही. चौदा दिवस ओलं पोतं पांघरून मी पडून होते. या खेपेला अंगावर आकडा कोरला नाही. सायकलला बांधून रत्नम आम्हाला भाताच्या गिरणीत घेऊन गेली आणि पोत्यांच्या काट्यावर ठेवलं. मी भरले साडेएकवीस. बहीण एकवीस.

गिरणीवाला म्हणाला, "घासून घे थोडं, वीस होईल. आकडा बरा दिसेल."

"आहे तोच लिहिते," ती म्हणाली आणि घरी येऊन तिनं माझ्यावर लाल रंगानं साडेएकवीस लिहिलं.

तालमीतली पोरं हसली. "साडेएकवीस! भाजी तोलतेस का गं?"

"तुमच्या घरची सिमेंटची वजनं एकदा काट्यावर ठेवा," रत्नम म्हणाली. "मग भाजीचं बोलू."

कुणी ठेवली नाहीत. मी मात्र तो वेडावाकडा आकडा मिरवत राहिले. गुळगुळीत आकड्यांच्या साऱ्या जगाला माझं आव्हान होतं: या काट्यावर.

पहिल्या दिवशी आम्ही तिच्या डोक्यावर गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अर्ध्या किलोचा फरक म्हणून ती रोज आमच्या बाजू बदलायची, कधी मी डावीकडे, कधी उजवीकडे. तळहाताची कातडी निघाली, तिच्यावर हळद लागली, पुन्हा निघाली. आत्याची साडी तिनं स्वतः श्रीकाकुळमला नेऊन दिली. "आत्या, पुढच्या निवडीनंतर वसतिगृहासाठी माझं वय उलटेल. तोपर्यंत थांबायचं तर थांब, नाहीतर दुसरी बघ." आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं दुसरी बघितली.

अकरा महिन्यांनी निवड झाली. रत्नमनं पुन्हा पन्नासच सांगितलं. मास्तर म्हणाले, अठ्ठेचाळीस सांग, शहाणी हो. तिनं ऐकलं नाही. पन्नास गेलं. चौपन्न गेलं. सत्तावन्न डोक्याच्या मागे पडलं, पण पहिली दोन पुरेशी होती. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं. ती जाताना तिनं मला पायानं जरा भिंतीकडे सरकवलं, बस. निरोपबिरोप काही घेतला नाही आणि मला तो नकोही होता.

तेव्हापासून मी इथं आहे. कोंबडी, शेवाळ, पाऊस.

मागच्या आठवड्यात पैडम्मा कामावरून परतली. अंगणात कुणी नव्हतं. तिनं डोक्यावरची चुंबळ सोडून बाजूला ठेवली, कोंबडीला हुसकावलं आणि माझ्याकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग वाकून, दोन्ही हातांनी धरून, तिनं मला कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत आणि तिथून डोक्यावर नेलं. धापसुद्धा लागली नाही तिला. मला वाटलं, ही आता काहीतरी मोठं बोलणार. तिनं मला हातात हलवून अंदाज घेतला, परत खाली ठेवलं आणि म्हणाली, "एवढंच होय?"

आणि ती पाणी भरायला गेली.

मित्रांनो, माझ्यावरचा आकडा खरा आहे, काट्यावर तोललेला आहे. तरीही त्या बाईपुढे मी हलकी ठरले आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला धुऊनपुसून सावलीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. ऊनपाऊस मी बघून घेईन. तुम्ही एवढंच करा. तुमच्या घरात जी कुणी रोज भरलेले हंडे, दळण, घमेली, गॅसची टाकी उचलते, तिचं ओझं एकदा काट्यावर ठेवून बघा. आणि मग तिला विचारा, हिच्यानं काय झेपणार आहे, असं तुला पहिल्यांदा कोण म्हणालं?