साकु, हाकु आणि पुरे

मी एक जुनी केटल आहे. मित्रांनो, केटल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चहाची किटली येणार, हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी हा गैरसमज सोसते आहे. माझ्यात शंभर लिटर माल मावतो आणि चहाचा एक थेंबही माझ्या पोटात कधी गेलेला नाही. माझ्यात शिजायचं ते डिंकासारखं चिकट रसायन. कारखान्यात त्याला सगळे रेझिन म्हणत.

म्हैसूरला हेब्बाळच्या बाजूला मानाजीरावांचा छोटा कारखाना होता. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते. मानाजीरावांनी घोड्यांऐवजी भट्ट्या पाळल्या. त्यांनीच मला घडवून घेतलं. स्टीलची दोन भांडी एकात एक बसवली आणि मधल्या पोकळीत गरम तेल खेळवलं. ढवळायची पाती मंडी मोहल्ल्यातल्या एका वेल्डरनं केली. ती जरा वाकडी बसली, म्हणून मी चालू असताना भयंकर घरघरते. या घरघरीनं काय गोंधळ घातला, ते पुढे सांगतेच.

माझं काम ऐकायला सोपं होतं. एक रेझिन असायचं, ते कितीही तापवा, डगमगायचं नाही. पण पापडासारखं मोडायचं. दुसरं चिवट होतं, पण उष्णता लागली की मऊ पडायचं. दोघांचं नीट जमवून द्यायचं ते मी. मग त्या मिश्रणात काचधाग्याचं कापड भिजवून, थरावर थर रचून भट्टीत भाजत. तयार झालेला पत्रा धगधगत्या इंजिनाशेजारी बसवला तरी वाकत नसे. लोखंडापेक्षा कितीतरी हलका! मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

पण खरा अभिमान वाटतो तो गिरिजाबाईंचा. त्या कारखान्यात आल्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला. बाटल्या धुता धुता त्यांचं लक्ष सगळं माझ्याकडे. एकदा त्यांनी काचेची कांडी माझ्यात बुडवून वर उचलली. रेझिनची बारीक तार निघाली आणि तुटली.

"एकतारीच आहे अजून," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांबा. दोनतारी होऊ दे."

सगळे हसले. रेझिन म्हणजे काय म्हैसूरपाकाचा पाक आहे? पण घट्टपणा मोजायच्या यंत्रानंही तेच सांगितलं. पुढचे सहा महिने यंत्र आणि गिरिजाबाई यांचं एकदाही वाकडं आलं नाही. शेवटी मानाजीराव म्हणाले, "बेंगळूरची ऑर्डर आहे. ती बॅच तुम्ही करा. पास झाली, तर केटल तुमच्या हाती. नाही तर परत बाटल्या."

गिरिजाबाईंनी त्या दिवशी मला बाहेरून तीनदा पुसलं. बाटल्यांकडे परत जायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

या कामात शेवटी एक औषध घालावं लागतं. त्यामुळे रेझिन पुढे भट्टीत घट्ट होतं. गिरिजाबाई त्याला विरजण म्हणत, आणि मग सगळेच म्हणू लागले. ते घालायचं माझ्या तोंडातून, वर चौथऱ्यावर उभं राहून. माझी उष्णता दाखवणारा काटा मात्र खाली पोटाशी. म्हणून गिरिजाबाई वर आणि काटा बघायला नरसिंहमूर्ती खाली. हा भला कन्नड माणूस कन्नडमधूनच ओरडे. 'हाकु' म्हणजे घाला. 'साकु' म्हणजे पुरे.

तुमच्या लक्षात आलं का?

बॅच उत्तम चालली होती, गिरिजाबाई थोडं थोडं विरजण घालत होत्या. काटा चढू लागला तसा नरसिंहमूर्ती ओरडला, "साकु! साकु!" मी आपली घरघरत होते. गिरिजाबाईंनी ऐकलं, "हाकु! हाकु!" आणि होतं नव्हतं तेवढं विरजण त्यांनी माझ्यात ओतलं.

नरसिंहमूर्ती धावत वर आला. "अय्यो! साकु अंदे नानु! साकु!"

"मला हाकु ऐकू आलं, मूर्तीअण्णा!" गिरिजाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

माझ्या पोटात आग पेटली. तेल बंद केलं तरी काटा थांबेना. आता सगळा माल माझ्या आतच दगड होणार आणि मी कायमची भंगारात जाणार, हे मला कळून चुकलं. मानाजीराव धावत आले, पण त्यांनाही काही सुचेना. सुचलं ते गिरिजाबाईंना.

"ट्रे आणा, बेग बेग! सगळे ट्रे! जाड राहिला की आतनं करपतो. पातळ पसरा!"

त्यांनी माझा खालचा नळ उघडला. ट्रेमागून ट्रे भरले. पातळ पसरलेला माल धुरकटला, पिवळा पडला आणि निवला. बॅच गेली. मी वाचले.

बाकीचे हातपाय गाळून बसले. गिरिजाबाई मात्र लाकडी उलथनं आणि द्रावणात भिजवलेलं फडकं घेऊन माझ्या तोंडात वाकल्या आणि घासू लागल्या. डोळ्यांतलं पाणी माझ्या काठावर पडत होतं. मानाजीराव म्हणाले, "राहू द्या आता. उद्या बघू."

"उद्या छिन्नी लागेल, सार. गरम आहे तोवरच निघतं."

"पण बॅच तर गेली."

"केटल माझी नाही झाली, म्हणून घाण तशीच टाकून जाऊ का?"

मानाजीरावांनी विचारलं, "तप्पु कुणाचा? चूक कुणाची?"

"माझा," गिरिजाबाई म्हणाल्या.

"नन्नदु, सार, माझं," नरसिंहमूर्तीही त्याच दमात म्हणाला.

मानाजीरावांना हसू आलं. "तप्पु त्या दोन शब्दांचा. उद्या परत करा. पण हे साकु-हाकु इथं नको."

"मग पुरे म्हणा, मूर्तीअण्णा," गिरिजाबाई म्हणाल्या. "पुरे कशातच मिसळत नाही."

"पुरे," नरसिंहमूर्तीनं म्हणून पाहिलं. "परवागिल्ला. चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी तो असा काही "पुरे!" ओरडला, की फाटकावरचा वॉचमन आत डोकावला. ती बॅच पास झाली. त्यानंतर एकवीस वर्षं मी गिरिजाबाईंच्या हाती होते. एकदाही मला खरवडायची वेळ आली नाही. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

आता मी कोपऱ्यात उभी असते. नवं यंत्र आलं आहे, अगदी गुपचूप चालतं. माझ्यावर धूळ बसते आणि कुणीतरी माझ्या झाकणावर डबा ठेवून जेवतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या आयुधपूजेला गिरिजाबाई कारखान्यात आल्या होत्या. केस पांढरे झालेले, गुडघे दुखरे. नव्या यंत्रावर नागरत्ना नावाची मुलगी होती. काम संपवताना तिच्या जोडीदारानं हाक दिली, "पुरे!" आणि नागरत्नानं झडप बंद केली.

गिरिजाबाई चमकल्या. "काय गं, मराठी येते तुला?"

"इल्ला अम्मा," नागरत्ना हसून म्हणाली. "अदु मराठी अल्ला. अदु केटल भाषे!"

ती मराठी नव्हेच, केटलची भाषा आहे! गिरिजाबाईंनी माझ्यावरचा डबा उचलला आणि पदरानं माझं झाकण पुसलं. मग तिथेच हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मला नवं यंत्र व्हायचं नाही. एवढंच मागते, की ज्याच्याकडून काम घेतलं त्याला गरम आहे तोवर पुसा. उद्यावर टाकू नका. आता माझंही बोलणं फार झालं. पुरे.