फोन सायलेंटवर होता

"फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही, सफाई द्यायची नाही, चूक काढायची नाही. समोरचा थांबला की त्याचंच वाक्य त्याला परत द्यायचं," प्रशिक्षक ताई म्हणाल्या आणि टेबलावरची घंटी वाजवून दाखवली. "तीन मिनिटं एकाची, तीन दुसऱ्याची. जोड्या जुन्याच. आपण माजी विद्यार्थी आहोत ना."

शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री खुर्ची ओढून चष्मेवाल्यासमोर बसले. पाच वर्षांपूर्वी शांतता प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत याच सभागृहात त्यांची जोडी लागली होती. मिस्त्री पुलाच्या अलीकडचे, चष्मेवाला पलीकडचा. फोनच्या साखळीचं ठरलं होतं ते सोपं होतं: जमाव दिसला की जोडीदाराला फोन, आणि त्याने आपल्या बाजूची चार वडीलधारी माणसं घेऊन पुलावर उभं राहायचं. दोघांनी प्रमाणपत्राला हौसेने काच बसवून घेतली. मिस्त्रींनी दुकानात टांगलं, म्हणून जळलं. चष्मेवाल्याचं अजून नव्यासारखं आहे.

गेल्या वर्षी पलीकडून जमाव आला आणि त्याने दुकान पेटवलं, तेव्हा मिस्त्रींचा थोरला भाऊ दुकानात जेवून आडवा झाला होता. दादा वाचला, बोटं वाचली नाहीत. आता सदऱ्याची बटणं वहिनी लावते. माजी विद्यार्थी संघाच्या अहवालात त्या दुपारपुढे लिहिलंय, 'साखळीतून केलेले फोन : अकरा.' अकराच्या अकरा मिस्त्रींचे. उचललेल्या फोनांना रकानाच नव्हता, त्यामुळे कामगिरी भरघोस दिसते.

आज निघताना वहिनी म्हणाली होती, "कशाला जाताय? अजून एक कागद आणाल."

दादा एवढंच म्हणाला होता, "त्याला विचार, का नाही उचलला. भांडू नकोस. नुसतं विचार."

घंटी वाजली.

"मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही मला अकरा वेळा फोन केलात."

"सातव्या वेळी तुम्ही कट केला."

चष्मेवाल्याने ताईंकडे पाहिलं. "वाक्य परत द्या," ताई म्हणाल्या.

"सातव्या वेळी मी कट केला."

"का?"

"का," चष्मेवाल्याने नियमाप्रमाणे परत दिलं.

उरलेला वेळ मिस्त्री गप्प बसले. ताईंनी वहीत टिपलं, 'मौनाचा प्रभावी वापर.'

पुन्हा घंटी. आता चष्मेवाल्याची पाळी. त्याने घसा साफ केला. "फोन सायलेंटवर होता हो, मिस्त्री. मला कळलंच नाही."

मिस्त्रींचं तोंड उघडलं, तसंच राहिलं. शेजारच्या जोड्या ऐकायला थांबल्या.

"चूक काढायची नाही," ताई हळूच म्हणाल्या. "परत द्या."

"तुमचा फोन सायलेंटवर होता," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला कळलंच नाही."

चष्मेवाल्याचे खांदे सैल झाले. टाळ्या पडल्या. वर्षभर ज्याला कुणी हे वाक्य दिलं नव्हतं, त्याला ते मिस्त्रींच्या तोंडून, फुकटात, साक्षीदारांसमोर मिळालं.

घरी दादा दाराशीच बसला होता. "काय म्हणाला?"

मिस्त्रींनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. ते वाक्य दुसऱ्यांदा तोंडातून काढायची त्यांची तयारी नव्हती.

"आलाच नव्हता तो."

"हात्तिच्या. मग फोन करून विचार की."

"करतो," मिस्त्री म्हणाले.

दादाने दोन तळव्यांच्या मधे चहाचा पेला धरला, आणि मिस्त्री फोन कधी लावतात याची वाट पाहत तो थांबला.