मोरी ते फाटक

बन्सी चावीवाल्याचे पाय रेल्वेनं दिले होते आणि रिटायर करताना ते परत घ्यायला ती विसरली, असं मुकुंदवाडीत लोक म्हणत. एकतीस वर्षं तो छोट्या लाइनीवर रोज चालला. खांद्यावर हातोडा, कमरेला पाना. रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची, बोल्ट सैल दिसला की आवळायचा, आणि संध्याकाळी मुकादमाच्या वहीत लिहायचं, 'लाइन ठीक.' तेवढ्या चालण्यात माणूस चाळीस वेळा काशीला जाऊन आला असता. बन्सी बोरखेडी स्टेशनाच्या पुढं गेला नाही. त्याच्या कानाबद्दल तर विचारूच नका. रुळाला कान लावून गाडी किती लेट आहे ते तो सांगेच, शिवाय ड्रायव्हर घरून भांडून निघालाय की जेवून, तेही सांगे म्हणतात.

पण मोठी लाइन आली, छोटी उखडली, आणि बन्सी घरी आला. घरी आला म्हणजे नुसता घरात शिरला. टेकला नाही. जेवायचा उभ्यानं. भाच्याच्या लग्नात पंगतीतून तीनदा उठला आणि मांडवाच्या दोऱ्या ओढून पाहून आला. बायको मालनबाई म्हणायची, ह्यांच्या बुडाखाली रेल्वेनं इस्तू ठेवलाय.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता आणि एकटा बन्सीच तसा होता असं नाही. सगळं औरंगाबादच बूड टेकायला तयार नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आज लागतो, उद्या लागतो, असं पंधरा वर्षं चाललेलं, ते आता खरंच लागणार म्हणत होते. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या दोन दिवस उभ्या राहायच्या, तिसऱ्या दिवशी जायच्या, चौथ्या दिवशी दुप्पट यायच्या. दुकानदार शटर अर्धं ओढूनच धंदा करत. इकडं चिकलठाण्यात आणि वाळूजला कारखाने थांबायला तयार नव्हते. सकाळी पाया खणलेला दिसला तर संध्याकाळी तिथून भोंगा ऐकू यायचा.

अशाच एका चिकलठाण्याच्या कारखान्यात बद्रीनाथ नावाचा टूलरूमचा फोरमन होता. मूळचा बोरखेडीचा. कारखान्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून प्रदर्शन ठरलं, आणि बद्रीनाथनं कामगारांच्या हॉलमध्ये बारा हात लांब टेबलावर आपल्या गावचं स्टेशन उभं केलं. छोटी लाइन, जशी अठ्ठ्याहत्तर साली होती तशी. इंजिन स्वतःच्या हातचं, डबे स्वतःच्या हातचे, रूळ केसाइतकेही इकडंतिकडं नाहीत. पण बघणारा म्हणायचा, वा, छान खेळणं आहे. ते ऐकून बद्रीनाथ फडकं काढून रूळ पुन्हा पुसायचा. गंजाशी पंचवीस वर्षं वैर केलेला माणूस तो. त्यानं रूळ इतके घासले होते की त्यात बघून दाढी करावी.

शेवटी कुणीतरी बन्सीचं नाव सांगितलं.

बन्सीनं टेबलाला तीन फेऱ्या मारल्या. मग म्हणाला, "फोरमनसाहेब, ह्या लाइनीवरनं गाडी कवा गेलीच नाय."

"रोज चालवतो की. बटन दाबू?"

"बटनानं गाडी जाती. लाइनीला कळाया पायजे ना, गेली म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो डबे-डबडी घेऊन हजर. लेथखालचा लोखंडाचा कीस मिठाच्या पाण्यात भिजत घातला आणि तीन दिवसांनी त्याचा तांबूस गाळ काढला. बद्रीनाथला स्वतःच्या टूलरूममध्ये मुद्दाम गंज चढवताना बघवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला. बन्सीनं समजावलं की गंज सगळीकडं एकसारखा नसतो. उन्हाच्या बाजूला विटकरी, सावलीच्या बाजूला जांभळट. रुळाचा माथा चकचकीत, पण तोही चाक जिथं टेकतं तेवढाच बोटभर. गाडी जिथं रोज जात नाही त्या बाजूच्या लाइनीचा माथासुद्धा तांबडा. लाकडी स्लीपर करकरीत तपकिरी नसतात, उन्हानं पांढुरके होऊन चिरतात. त्यासाठी चहाचं पाणी आणि चुलीतली राख. सांध्यांना वंगणाचा काळा ओघळ. खडी काळ्या दगडाचीच, पिठाच्या चाळणीनं चाळलेली, पण फलाटाजवळ तिच्यावर ब्रेकची लाल धूळ. इंजिन जिथं पाणी प्यायला थांबतं तिथं तेलाचं थारोळं, राखेचा ढीग आणि कडेनं शेवाळ. फलाटाच्या कडेला पान खाऊन थुंकलेलं; ते मात्र बद्रीनाथच्या हातून करवून घेतलं, म्हणाला गाव तुमचं हाय.

कोळशाच्या काजळीला काही केल्या रंग जमेना. मग मालनबाईची मिश्रीची डबी घरातून गायब झाली आणि बोरखेडीच्या यार्डात हुबेहूब काजळी पसरली. मालनबाई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

आता बघायला येणारं कुणी खेळणं म्हणेना. पॅकिंग खात्यातला एक जण बोरखेडीचा नव्हता, तरी म्हणाला, मी इथं उतरलोय. एका म्हाताऱ्यानं तर वाकून वास घेतला आणि कोळशाचा धूर आला म्हणून डोळे पुसले.

फक्त एक तुकडा राहिला. ओढ्यावरच्या मोरीपासून रेल्वे फाटकापर्यंतचा. टेबलावर दोन हात, खऱ्या लाइनीवर दोन मैल. तिथले रूळ तसेच नव्या भांड्यासारखे चमकत होते. बन्सी ब्रश घेऊन तिथवर यायचा आणि हात धुवायला जायचा. परत यायचा, स्टेशनातल्या खडीचा एखादा दाणा हलवायचा, पुन्हा हात धुवायचा. बद्रीनाथ विचारून थकला. उद्या करतो, म्हणे. प्रदर्शनाला चार दिवस राहिले, दोन राहिले. बद्रीनाथनं स्वतः ब्रश उचलला, तर बन्सीनं तो काढून घेतला आणि तोही धुऊन ठेवला.

कारण त्याला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच नव्हतं. मालनबाईलाही नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात नामांतराचा ठराव झाल्यावर गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटल्या होत्या. मालनबाई तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी गेलेली. बन्सी स्टेशनाकडून लाइन तपासत निघाला, मोरीपाशी पोचला, आणि तिच्या माहेरच्या बाजूला त्याला धूर दिसला. त्यानं हातोडा मोरीखाली टाकला आणि शेतांतून धावत सुटला. वस्ती जळून गेली होती, माणूस एक नव्हतं. तिला शोधत तो शिवार पालथं घालत होता तेव्हा लांबून पाच वाजताची पॅसेंजर येताना ऐकू आली. मोरी ते फाटक दोन मैल त्या दिवशी कुणी बघितलेले नव्हते. बन्सी बाजरीत उभा राहून चाकांचे टोले मोजत राहिला. गाडी गेली. अंधार पडायच्या सुमारास तो आडवाटेनं फाटकाजवळच्या आपल्या खोलीवर आला, तर मालनबाई लेकीला मांडीवर घेऊन दारात बसलेली. कशी आलीस, हे त्यानं विचारलं नाही. जिवंत आहे एवढं पुरे होतं. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, लाइनीवरनं आलो. आणि वहीत लिहिलं, 'लाइन ठीक.'

तेव्हापासून बन्सी बसला नव्हता. गाडी तर सुखरूप गेली, मग काय? पण पाचशे माणसं त्यानं न बघितलेल्या लोखंडावरून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं तो तुकडा दोनदा तपासला, सगळं जागेवर होतं. तरी आदल्या दिवशी काय होतं हे कसं कळावं? आता टेबलावर त्याच सालची लाइन रंगवायची, आणि तिथं त्याचे डोळे कोरे. खोटं एकदा लिहून झालं होतं. ते पुन्हा रंगानं लिहायला हात धजत नव्हता.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. शहरात संक्रांतीच्या तोंडावर बंद आहे की नाही ते दुपारपर्यंत कुणाला कळेना, तरी हॉल भरला. बायका-पोरं घेऊन कामगार आले, मालनबाईही नवं लुगडं नेसून आली. पाहुणे म्हणून बोलावले होते अप्पाराव, त्या काळचे लाइनीचे इन्स्पेक्टर, आता काठी टेकत चालणारे. त्यांनी टेबल बघितलं आणि सवयीनं बोलून गेले की यार्डातली राख अजून उचलली का नाही. हॉल हसला. मग त्यांची नजर चमकणाऱ्या तुकड्यावर गेली. बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाला, तेवढं राहिलंय साहेब, गाडीला काही होत नाही. अप्पारावांनी बटनावर बोट ठेवलं.

बन्सीनं खिशातून लाल चिंधी काढली, काडीला गुंडाळली आणि मोरीच्या तोंडाशी खडीत रोवली.

"बन्सी," अप्पाराव म्हणाले, "हे काय नवीन?"

"मोरी ते फाटक पाहणी झाली नाय, साहेब."

पुन्हा हसू फुटलं, पण अप्पारावांचं बोट बटनावरून उचललं गेलं. लाल झेंडी दिसली की रेल्वेचा माणूस हसत नाही, मग ती चिंधी का असेना. "मग कर की पाहणी."

"आजची नाय. अठ्ठ्याहत्तरची. धूर दिसला त्या दिवसाची. मी मोरीवरनं लाइन सोडली. हिला बघाया पळालो. पाचची पॅसेंजर तशीच गेली, आन् मी वहीत लाइन ठीक लिहिलं."

बद्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं सगळं कारखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर. अप्पारावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ते स्वतः त्या दिवशी कुठं होते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

बायकांच्या घोळक्यातून मालनबाई पुढं आली. तिनं डोक्यावरचा पदर आधी नीट केला.

"तुमी लाइनीवरनं आलो म्हणले व्हते."

"खोटं बोललो."

"पंधरा वर्सं मला वाटतंय, तुमी माझ्या मागनं आले." ती टेबलाजवळ आली आणि चमकणाऱ्या तुकड्याकडं बघू लागली. "मीच चालले की हितनं. वस्ती पेटायच्या आधीच आईनं काढून दिलं. वढ्या-वढ्यानं मोरीला आले, वर चढले, आन् लाइन धरली. लेकरू काखेला. वर बघायचं भ्या वाटत व्हतं, म्हणून खालीच बघत आले. समदं बघितलंय."

बन्सी तिच्याकडं वळला. "मग बोलली का नाय?"

"कशी बोलू? मोरीपासून थोडं म्होरं तीन चाव्या निघून पडल्या व्हत्या. वळीनं. मी दगड घेतला अन् ठोकून बसवल्या. तुमी घरी रोज सांगायचे, बारीक तोंड आधी घालायचं. रेल्वेच्या मालाला बाईमाणसानं हात लावला म्हणून तुमची नोकरी जायची, ह्या भ्यानं गप बसले. दुसऱ्या रोजी तुमी बघून आले, काय बोलले नाय. म्हणलं, चांगल्या बसल्या असतील."

तीन चाव्या ओळीनं आपोआप निघत नाहीत, कुणीतरी मुद्दाम काढाव्या लागतात. हे हॉलमध्ये दोघांनाच कळलं. अप्पाराव शेजारच्या खुर्चीत बसले. बन्सीला बाजरीतले टोले ऐकू येत होते, पण आता त्याच्या डोळ्यांपुढं गाडी नव्हती. एका काखेला पोर घेऊन दगड उचलणारी बाई होती, आणि तो नेमका उलट दिशेला पळत होता.

"कसं दिसत व्हतं?" त्यानं विचारलं.

"पाऊस पडून गेलेला. स्लीपर काळंभोर. रुळाच्या बगला ओल्या, तांबड्या. मोरीच्या कठड्याला येल चढलेला. मधी एका जागी कुणाची तरी चप्पल पडलेली, एकच." ती थांबली. "चप्पल नका दाखवू."

बन्सीनं ब्रश उचलला. पाहुणे खोळंबले, मोठे साहेब दोनदा घड्याळ बघून गेले, बद्रीनाथनं सगळ्यांना चहा पाजला, पुन्हा पाजला. मालनबाई बोट दाखवत होती आणि बन्सी रंगवत होता. हितं नाय, अलीकडं. एवढं लाल नाय, रगत नाय ते. मधेच तिनं त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि मोरीचा वेल स्वतः काढला. तो जरा मोठाच झाला, जणू मोरी गिळणार. अप्पाराव खुर्ची ओढून जवळ आले आणि कडेच्या खडीचे दाणे चिमटीनं सारखे करू लागले. अर्ध्या-पाऊण तासानं ते दोन हात बाकीच्या बोरखेडीशी जुळले. तरी कुणीही बघितलं तर कळावं, की स्टेशनात ऊन आहे आणि तेवढ्याच तुकड्यावर पाऊस होऊन गेलाय.

बन्सीनं लाल चिंधी उपटली. अप्पारावांनी बद्रीनाथच्या टेबलावरचा हिरव्या कागदाचा तुकडा त्याच्यापुढं धरला. "दाखव झेंडी, चावीवाल्या."

बन्सीनं तो घेतला नाही. "पाहणी तिची हाय, साहेब."

मालनबाईनं कागद घेतला, उलटसुलट केला. "कोन्त्या हातात धरायचा असतो?"

"कोणत्याही," अप्पाराव म्हणाले. "फक्त शेवटचा डबा जाईपर्यंत खाली करायचा नाही."

त्यांनी बटन दाबलं. इंजिन राखेतून सुटलं, पान थुंकलेल्या फलाटावरून गेलं, मोरीवर चढलं आणि ओल्या रुळांवरून फाटकाकडं निघालं. मालनबाई हात उंच करून उभी होती. गाडी टेबलाला वळसा घालून पुन्हा आली, परत गेली, शेवटचा डबा कुठला हे तिला ठरवता येईना, म्हणून ती हात खाली करीना. आणि बन्सी तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता, टोले न मोजता.