हिरड्यांच्या रंगाचं सैन्य

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने जगाचा शत्रू घडवायला घेऊ नये, हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगणार कोण? बायको सांगत होती, पण बायकोचं ऐकायची पद्धत त्या घरात अजून सुरू व्हायची होती.

दर रविवारी दुपारी त्याच्या कामाच्या खोलीत, प्लास्टरचे साचे बाजूला सारून, फाशांचा खेळ मांडला जायचा. खेळ असा, की तिघं जण तीन काल्पनिक वीर व्हायचे आणि कवळीवाला गोष्ट पुढे न्यायचा. राजे, राक्षस, दारामागचा पहारेकरी, सगळं तोच. बायको चोर झाली होती, तिचा थोरला भाऊ तलवारबाज, आणि धाकटा भाऊ जादूगार. तलवारबाज आणि जादूगार आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. खेळात नव्हे, खऱ्या जगात.

वडील गेले, फोटोंच्या चौकटींचं दुकान दोघांकडे आलं, आणि चार महिन्यांत दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. थोरल्याच्या वाट्याला काच आली, धाकट्याच्या वाट्याला लाकूड. गिऱ्हाइकाने आधी एका दारातून आत जाऊन चौकट करून घ्यायची, मग ती काखोटीला मारून दुसऱ्या दारातून काच बसवायला जायचं. भांडण कशावरून, असं विचारलं की दोघेही प्लायवूडकडे बोट दाखवत, जणू ते जमिनीतून आपोआप उगवलं होतं. रविवारी मात्र दोघेही यायचे, कारण जो आधी यायचं बंद करेल तो हरला, असं दोघांनी मनोमन ठरवलं होतं. टेबलावरही "त्या तलवारबाजाला सांगा, पुढे हो" आणि "त्या जादूगाराला सांगा, आधी स्वतः हो", एवढाच काय तो बंधुप्रेमाचा संवाद.

"हे टेबल मोडलं ना, तर माझे भाऊ मला पुन्हा एका खोलीत दिसायचे नाहीत," बायकोने बजावलं होतं. "काय वाटेल ते करा, पण त्यांना बसतं ठेवा."

कवळीवाल्याने डोकं लढवलं. दोघांना एक करायचं तर दोघांनाही चीड येईल असा शत्रू हवा. म्हणून त्याने राखसंघ घडवला. तहानभूक विसरून चाळीस पानं लिहिली. सैनिक ओतले ते कवळीच्या उरल्यासुरल्या मालातून, त्यामुळे जगाचा थरकाप उडवणारं ते सैन्य हिरड्यांच्या गुलाबी रंगाचं निघालं. सगळ्यात क्रूर कायदा त्याने शेवटी लिहिला. संघात येणाऱ्याने सगळ्यांसमोर आपली एक खरी चूक कबूल करायची, आणि आधीपासून आत असलेल्याने ती ऐकून त्याला घ्यायचं की हाकलायचं ते ठरवायचं. हे ऐकून वीरांचं रक्त उसळेल, अशी त्याची बालंबाल खात्री होती.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. रक्त कोणाचंच उसळलं नाही, उलट संघ दोघांनाही आवडला. संघाचे पहारे वेळेवर बदलत, निरोप ज्याचे त्याला पोचत, आणि कोणी रुसून बसत नसे. इकडे वीरांकडे होतं काय? एक दोर, तोही चोराचा.

मंगळवारी धाकटा कामाच्या खोलीत येऊन उभा राहिला. "भाऊजी, कोणाला सांगू नका. त्या तलवारबाजाच्या बाजूने लढायचा मला वीट आलाय. मला गुपचूप राखसंघात घ्या."

कवळीवाला हो म्हणाला. संघातला हा पहिलाच खेळाडू, त्याला पारखणार कोण, म्हणून त्याची कबुली माफ केली. गुरुवारी थोरल्याचा फोन आला. "जावईबापू, त्या जादूगाराबरोबर आता निभत नाही. मी तिकडे येतो. बोलू नका हं कोणाला." तिथेही हो. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि हा गृहस्थ जन्मभर दुसऱ्यांची तोंडं भरत आलेला.

रविवारी पुलावरची लढाई होती. अलीकडे तीन वीर, पलीकडे गुलाबी फौज. थोरल्याने कोणाकडेही न बघता आपली सोंगटी उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. "मी बाजू बदलली."

धाकट्याचा चेहरा उतरला. "मी मंगळवारपासून तिथेच आहे," तो म्हणाला, आणि आपली सोंगटी थोरल्याच्या सोंगटीशेजारी ठेवली.

"म्हणजे इकडे मी एकटी? एका दोरासकट?" बायकोने नवऱ्याकडे बघितलं. बायका असं बघतात तेव्हा नवऱ्यांनी टेबलाखाली काहीतरी शोधायचं असतं, पण आज तेवढीही सवड मिळाली नाही. थोरला उठला होता.

"माझी थट्टा लावलीय का इथे?"

खुर्ची मागे सरकली. आता हा दाराबाहेर गेला की परत येणार नाही, हे कवळीवाल्याला स्वच्छ दिसलं. काहीच न सुचून तो संघप्रमुखाच्या आवाजात, म्हणजे तोंडाचा साचा घेताना पेशंट बोलतो तशा आवाजात म्हणाला, "आधी कबुली. मग खुशाल जा."

थोरला नियमाचा पक्का. काच सूतभर चुकली तरी नवी कापणारा. तो पुन्हा बसला.

"एक म्हातारा राजा होता," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "दवाखान्यात. धाकटा राजपुत्र परगावी, कामाला. संध्याकाळी वैद्य म्हणाले, बोलावून घ्या. तलवारबाजाने नंतर सगळ्यांना सांगितलं, फोन लागला नाही."

राक्षसांच्या राज्यात फोन कुठून आला, असं कोणीही विचारलं नाही.

"फोन लावलाच नव्हता."

बायकोने तोंडावर हात धरला. वर्षभर तीही येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत आली होती, फोन लागला नाही.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला. निरोप्या मध्ये न घालता, थेट. "माझ्या फोनवर तुझा एकही कॉल नव्हता. तू कधी सांगतोस, याचीच वाट बघत होतो. का नाही लावलास, दादा?"

"तू आला असतास तर ते तुझ्याशीच बोलले असते. नेहमीसारखे. मला वाटलं, शेवटचं काही बोलायचं असेल तर ते माझ्याशी बोलावं."

"मग? बोलले?"

"नाही. झोपेतच गेले. मी नुसता खुर्चीत बसून होतो."

कवळीवाल्याच्या चाळीस पानांत यासाठी एक ओळ नव्हती. इतके दिवस आपण प्लायवूडचं भांडण मिटवत होतो, याची त्याला लाज वाटली. पुढचा नियम वाचून दाखवायची त्याची छाती झाली नाही. गरजही नव्हती, धाकट्याला नियम पाठ होता. आत कोणाला घ्यायचं ते आता त्याच्या हातात होतं.

धाकट्याने थोरल्याची सोंगटी उचलली आणि बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

"हाकलावंसं वाटतंय," तो म्हणाला. "खूप वाटतंय."

थोरल्याने मान हलवली. त्याला ते मान्य होतं.

"ठरव रे बाबा," बायको रडत म्हणाली.

धाकट्याने सोंगटी पुलापलीकडे आपल्या सोंगटीला लागून ठेवली.

"घ्या आत. रागवायला समोर तरी असेल."