बिट्टीचा फोटो आणि मी

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. फोटोच्या दुकानातले, गोल बैठकीचे, फिरवले की वर-खाली होणारे. लहानपणी माझ्यावर बसून ज्यांनी भोकाड पसरले होते, त्यांनी आता उगाच छताकडे पाहू नये. एकदा बसून गेलेला माणूस मी सहसा विसरत नाही. वर बसलेल्याचा चेहरा मला दिसत नाही, पण कोण कसा बसतो यावरून त्याचा स्वभाव मला बरोबर कळतो.

माझे लोखंडी पाय आणि मधला आट्यांचा दांडा एका लोहाराने केला, लाकडी बैठक एका सुताराने. दोघांची दुकाने शेजारी-शेजारी, पण आपसांत बोलणे बंद. निरोप गिऱ्हाइकामार्फत जायचे आणि त्यात कुठेतरी माप हुकले. त्यामुळे मी जन्मापासूनच जरा डुगडुगते. सुतार म्हणाला लोखंड वाकडे आहे, लोहार म्हणाला लाकूड वाकडे आहे. ज्या फोटोवाल्याने मला विकत घेतले त्याने दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली आणि मला खांद्यावर टाकून दुकानात आणले.

या फोटोवाल्याला सगळा रस्ता फोटोकाका म्हणतो. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड भारी. दुकानात आला त्याहून देखणा होऊनच माणूस बाहेर पडला पाहिजे, असा त्याचा हट्ट. पूर्वी तो टोकदार शिसपेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच्या सुरकुत्या बुजवत बसे. पुढे कॉम्प्युटर आला आणि तेच काम माऊसने होऊ लागले. कुणी सांगो न सांगो, मुरमे गेली, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली. एकदा त्याने किराणा दुकानदाराच्या नाकावरचा चांगला वाटाण्याएवढा मस उडवून टाकला. दुकानदाराची बायको फोटो घेऊन तरातरा आली आणि हा कुणाचा नवरा माझ्या गळ्यात घालताय, असे विचारू लागली. फोटोकाका पोट धरून हसला, मस परत लावून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपले तेच सुरू केले.

माझ्यावर दरवर्षी बसणाऱ्यांत बिट्टी होती. ती आत्याकडे वाढलेली. आत्या घरी शिवणकाम करायची आणि बिट्टीच्या वाढदिवसाला तिला नवा फ्रॉक घालून हमखास घेऊन यायची. पहिल्या वर्षी मला पार वरपर्यंत फिरवावे लागले होते. नंतर दरवर्षी एखादा वेढा खाली. बिट्टी बसायची ती अशी ऐटीत, की माझी डुगडुगही थांबायची. मग एका वर्षी तिच्या डोळ्याजवळ पांढरा डाग आला. पुढच्या वर्षी तो गालावर उतरला आणि हनुवटीला दुसरा आला. कोड आहे, दुखत नाही, कुणाला लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण रस्त्यावरच्या लोकांना ते कोण सांगणार? त्यानंतर बिट्टी आलीच नाही. तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती समोरच्या बाजूने भरभर निघून जाते, असे फोटोकाका कधीकधी स्वतःशीच बोलायचा. मला फार वाईट वाटायचे.

तसे माझेही दिवस फिरले होते. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि दुकानात कुणी फिरकेना. माझ्यावर पाण्याचा जार ठेवला गेला. जार पाझरायचा, माझी बैठक फुगायची, आणि मी मुकाट्याने सोसायचे. अशात निवडणूक जाहीर झाली. नव्या मतदारांची नोंदणी निघाली, अर्जाला छापील फोटो हवा असे ठरले आणि एका दिवसात जार खाली उतरला. अठरा पूर्ण झालेली पोरेपोरी घोळक्याने येऊ लागली. कुणी बापाचा शर्ट घालून आलेला, कुणी ओठांवरची चार केसांची लव मिशी म्हणून पुढे करणारा. एकमेकांना चिडवत बसायची, पण कॅमेरा समोर आला की प्रत्येकाची पाठ आपोआप ताठ व्हायची. मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटत होते.

नोंदणीच्या अगदी शेवटच्या दिवशी, दुपारी, बिट्टी आली. बरोबर आत्या. बाकी सगळे कागद कधीचेच तयार होते. फोटोसाठी घोडे अडले होते. तिने आधी दार लावून घ्यायला सांगितले, मग पडदा ओढायला. मग ती माझ्यावर बसली. अगदी कडेला, आत्ता उठून पळेल अशी. स्कार्फ सोडताना ती दोनदा दाराकडे वळली, ते मला स्पष्ट कळले. फोटोकाकाने पटकन फोटो काढला आणि तो कॉम्प्युटरकडे वळला. एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही. फोटो छापले, कापले, पाकिटात घालून पाकीट बंद करून तिच्या हातात दिले. डाग आल्यापासून बिट्टी स्वतःचा फोटो कधी पाहत नसे. आत्याने घाईत चष्मा घरी ठेवलेला. पाकीट तसेच बंद घेऊन दोघी कचेरीकडे गेल्या.

त्या गेल्यावर थोड्या वेळाने वीज गेली. दुकान अंधारले. फोटोकाका पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता, तेवढ्यात दार आपटले आणि बिट्टी आत आली. मागून आत्या, धापा टाकत. बिट्टीने फोटो टेबलावर टाकले.

कचेरीत काय झाले ते आत्यानेच सांगितले. रांग मोठी होती. खिडकीशी पोचल्यावर कारकुनाने फोटो पाहिला आणि स्कार्फ काढायला सांगितला. मग तो फोटो पाही, हिच्याकडे पाही. शेवटी म्हणाला, हा फोटो तुझा नाही, बहिणीचा आणलास का? सगळी रांग वाकून बघू लागली. स्वतःचा फोटो आण, खिडकी बंद व्हायच्या आत आलीस तर घेईन, असे म्हणून त्याने अर्ज परत दिला. आपल्या बाजूने तो काही चुकला नव्हता. फोटोतल्या मुलीच्या तोंडावर डाग नव्हताच.

फोटोकाकाच्या तोंडचे पाणी पळाले. "बिट्टे, मी आपलं तुझ्या चांगल्यासाठी..."

"काका, ही कोण आहे?" बिट्टीने फोटोवर बोट ठेवले. "हिची जन्मतारीख काय? हिला अठरा पूर्ण झाली का? झाली असतील तर पाठवा हिलाच मत द्यायला. मी बसते घरी."

डाग त्याने मूळ फोटोवरच पुसले होते, त्यामुळे पहिला फोटोही हाती उरला नव्हता. त्याने कान पकडले, दुसरा फोटो लगेच काढतो म्हणाला आणि दिव्याचे बटण दाबायला गेला. बटण खटखट वाजले. तेव्हा कुठे त्याला वीज गेल्याचे आठवले. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि छपाईचे यंत्र चालत होते, पण फोटोचे मोठे दिवे त्यावर लागत नव्हते. त्याने पडदा सारला. दुकानात संधिप्रकाशाइतकाही उजेड येत नव्हता, कारण ऊन केव्हाच समोरच्या बाजूला सरकले होते. तिकडे सायकलवाल्याच्या दुकानापुढे, भर रस्त्यात, उन्हाचा एक पट्टा अजून होता. तिथे नेहमीप्रमाणे पाच-दहा माणसे टवाळक्या करत उभी होती. तो पट्टाही हळूहळू भिंतीवर चढत होता.

फोटोकाकाने नुसते तिकडे पाहिले. मग बिट्टीकडे पाहिले.

बिट्टीने स्कार्फ पुन्हा गुंडाळला. "राहू दे. पुढच्या निवडणुकीला बघू," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. रागावलेली बिट्टी बरी होती.

आत्या कोपऱ्यातल्या खोक्यावर बसली होती. ती म्हणाली, "मी पण असंच म्हटलं होतं. पुढच्या वेळी बघू."

दोघेही तिच्याकडे बघायला लागले.

"माझं पहिलं मत. तेव्हा फोटोबिटो काही नव्हतं, नुसतं नाव. सकाळपासून रांगेत उभी राहिले. टेबलापाशी गेले तर तो माणूस म्हणाला, बाई, तुमचं मत पडलंय. मी म्हटलं, मी तर आत्ता येतेय. त्यानं यादी दाखवली. माझ्या नावापुढं कुणाचा तरी अंगठा. मला सही येत होती, बिट्टी. चांगली वळणदार येत होती." आत्याने बोटाने खोक्यावर सही गिरवली. "भांडायला हवं होतं. मागं रांग बघत होती, म्हणून मी लाजून घरी आले. सगळ्यांना सांगितलं, दिलं म्हणून. शाईचं बोट कुणी बघायला मागू नये म्हणून मूठ मिटून बसले. त्या यादीत माझं तोंड असतं, तर कुणाची छाती झाली असती का?"

बाहेरून सायकलच्या घंट्या ऐकू येत होत्या. बिट्टी बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी होती. मग तिने वाकून मला उचलले. फोटोकाका मदतीला पुढे झाला, तर तिने त्याला कॅमेरा घ्यायला सांगितले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी प्रथमच रस्ता ओलांडत होते. मला उन्हाची सवय नाही, गर्दीची नाही. बिट्टीने मला पट्ट्यात आणून ठेवले आणि तिथल्या गप्पा एकदम थांबल्या. आत्याने पांढरी चादर मागे धरली, पण तिचे हात पुरेनात. बिट्टी बसली. खालचा रस्ता खडबडीत, त्यात मी जन्माचे डुगडुगणारे. तिची थरथर आणि माझी डुगडुग एक झाली. जन्मात कधी आली नाही इतकी लाज मला स्वतःची वाटली. पोरीच्या आयुष्यातला हा क्षण आणि मला धड उभे राहता येऊ नये?

इतक्यात सायकलवाला उठून जवळ आला. हा माणूस कुणाचीही टिंगल करायची संधी सोडत नसे. तो खाली वाकला, ट्यूबचा एक तुकडा दुमडून त्याने माझ्या पायाखाली सारला, मला हलवून पाहिले आणि मग जाऊन चादरीचे दुसरे टोक धरले. एकाने मोबाईल वर केला होता. "तुझा फोटो काढायचाय का रे? मग रांगेत उभा राहा," आत्या त्याला म्हणाली. मोबाईल खिशात गेला.

बिट्टीने स्कार्फ सोडला.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला एवढेच कळले की ती कडेवरून सरकून मधोमध बसली. फोटोकाका म्हणाला, "वर बघ." पहिल्या फोटोत डोळे मिटले. ऊन आता तिच्या खांद्यापर्यंत चढले असावे, कारण तो घाईने मला एक वेढा वर फिरवायला धावला. पुन्हा म्हणाला, "वर बघ." या वेळी तिचा श्वाससुद्धा हलला नाही.

पुढचे सगळे धावपळीत झाले. मला कुणी आत आणले तेही आठवत नाही. फोटोकाका कॉम्प्युटरपुढे बसला आणि सवयीने त्याचा हात माऊसवर जाऊन डागांपाशी घुटमळू लागला. आत्याने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "काही नको," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि छापायला टाकले. या वेळी पाकीट नव्हते. फोटो हातात आले तेव्हा बिट्टीने ते स्वतः पाहिले, उलटसुलट करून नीट पाहिले, आणि बाहेर सायकलवाल्याने काढून ठेवलेल्या सायकलवर बसून ती गेली. स्कार्फ माझ्यावरच राहिला होता.

आत्या स्कार्फ उचलून माझ्यावर बसली. फोटोकाका दारात उभा. खिडकी बंद झाली असेल का, कारकून उठून गेला असेल का, दोघांपैकी कुणीच विचारत नव्हते. आत्या एकसारखी स्कार्फची घडी घालत होती आणि मोडत होती. वीज आली, दिवे लागले, तरी त्यांचे लक्ष नव्हते. माझा तर जीव टांगणीला लागला होता. मग सायकल थांबल्याचा आवाज आला. बिट्टी दारात आली आणि म्हणाली, "घेतला." आत्या माझ्यावर बसल्या-बसल्याच हमसून हमसून रडली.

मतदानाच्या दिवशी फोटोकाका मुद्दाम बिट्टीच्या मागे रांगेत उभा राहिला. परत आल्यावर एकटाच मला सांगत बसला. दुकानात गिऱ्हाईक नसले की तो माझ्याशी बोलतो. बिट्टी स्कार्फ न घेताच आली होती म्हणे. टेबलामागच्या अधिकाऱ्याने यादीतला फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, पुढे चला. बस, एवढेच. रस्त्यातले लोक तिच्याकडे टक लावून बघतात. इतक्या थोड्या वेळात नजर काढून घेणारा माणूस तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. माझ्यावर पाण्याचा जार ठेवू नका, आट्यांना अधूनमधून तेल द्या. आणि तुमच्या घरात कुणी आपल्या तोंडाला भिऊन मागे राहिले असेल, तर त्याला देखणे करायच्या भानगडीत पडू नका. हाताला धरा आणि आहे तसे नोंदणीच्या खिडकीशी घेऊन जा. तेवढे मात्र शेवटच्या दिवसाआधी करा. माझे आता वय झाले आहे.