यादीत पहिलं नाव

हॉलच्या जिन्यालगतच्या खोलीच्या दारावर त्या दिवसाच्या साउंड चेकचा कागद चिकटवला होता आणि त्यात सगळ्यात वर आमच्या बँडचं नाव होतं. अमादोइ, दुपारी एक. आमच्या गायकानं, किरितानीनं, ते वाचलं, गिटारची पेटी जमिनीवर टेकवली आणि पुन्हा वाचलं.

"तोरी," तो म्हणाला. "सावा, आज आपण तोरी आहोत."

तोरी म्हणजे सगळ्यात शेवटी वाजवणारा, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात तो. आमच्या धंद्यात साउंड चेक उलट्या क्रमानं चालतो. शेवटी वाजवणाऱ्यानं आवाज आधी तपासून घ्यायचा आणि सुरुवात करणाऱ्यानं सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान मंचावर मांडलेलंच राहतं आणि दारं उघडली की तो वाजवायला मोकळा. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कागद बघताना वेळ कोणी वाचत नाही, नाव वर आहे की खाली एवढंच बघतो. गेली सहा वर्षं आमचं नाव तळाला असायचं. किरितानी ते बघून काही बोलायचा नाही, फक्त त्या दिवशी जेवायचा कमी.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण मी बँड सोडतेय हे मला त्याला त्याच दिवशी सांगायचं होतं. सोमवारपासून मी शिओगामाला बहिणीच्या कारखान्यात माशाच्या वड्या करणार होते. पांढरी टोपी, पांढरे बूट, पहाटे पाचला हजर. एकोणीस वर्षं बेस गिटार वाजवली, त्रेचाळिशी गाठली, आणि व्हॅनमध्ये स्पीकरला टेकून झोपायचा कंटाळा आला. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. सकाळी कोरियामाला गाडी थांबली तेव्हा मी ते आमच्या ड्रमरला, नुमाजिरीला सांगितलं. त्यानं नूडल्सच्या वाटीतून मान वर न काढता सांगितलं की मग त्याचीही सुटका झाली, पण किरितानीला सांगायचं काम माझं. गडी पहिल्यापासून असाच, ढोल बडवायला वाघ आणि तोंड उघडायला शेळी.

किरितानीनं तिथंच जिन्यात उभं राहून मुलीला फोन लावला. चिहाया इथंच सेंडाईत आईजवळ राहते, स्टेशनातल्या बेकरीत पाव विकते. बापाला मंचावर तिनं एकदाही पाहिलेलं नाही. लहानपणी आईनं पाठवलं नाही, मग तिनंच हट्टानं येणं टाळलं, आणि गेल्या वर्षी दोनदा आली तेव्हा आमचं वाजवून झालं होतं. सातला सुटणारी मुलगी पोचेपर्यंत सुरुवात करणारा बँड सामान गाडीत भरत असतो.

"आठला ये," तो फोनवर म्हणाला. "घाई करू नकोस, जेवून ये. आज तुझा बाप शेवटी आहे."

साउंड चेकला माणूस आवाज राखून गातो. किरितानी त्या रिकाम्या हॉलमध्ये जीव तोडून गायला. मी खाली वाकून तारा जुळवत बसले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

संपल्यावर हॉल चालवणाऱ्या उगाजिनबाई मला बाजूला भेटल्या. आज आमच्याबरोबर वाजवणाऱ्या ओतोबेचा बँड दुपारी रेडिओवर आहे, साडेतीनच्या आत येत नाही, म्हणून आज साउंड चेकचाही क्रम सरळच ठेवलाय, असं त्यांनी सांगितलं. पहिले आम्ही, बरोबर साडेपाचला. शेवटी ओतोबे. मेलमध्ये लिहिलं होतं की, असंही म्हणाल्या. मेल किरितानीला जातात आणि तो त्या अर्ध्याच वाचतो.

मग पायाला भिंगरी लागल्यासारखी मी हिंडत राहिले. बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताची ओनिगिरी घेतली, न खाता खिशात टाकली, परत आले, कागद पुन्हा वाचला, पुन्हा बाहेर गेले. क्रमाचं सांगायला जावं तर त्याच्या मागोमाग बँड सोडण्याचंही सांगावं लागणार. एका माणसाला एका दुपारी दोनदा कसं मारायचं? नुमाजिरीला विचारलं तर तो म्हणाला, "मला विचारू नकोस, माझं पोट बिघडलंय."

मला एकच वाट सुचली. ओतोबेला गाठायचं आणि जागा बदलून मागायची. ही चोवीस वर्षांची मुलगी पंधराव्या वर्षी आमच्या मंचासमोर पहिल्या रांगेत उभी असायची, हे तिनंच मला एकदा कमरेत वाकून सांगितलं होतं. ती साडेतीनला व्हॅनमधून उतरली, मी दारातच अडवलं आणि किरितानीच्या मुलीचं सगळं सांगून टाकलं. ती ऐकता ऐकता रडवेली झाली. मला वाटलं, जमलं.

"ताई, दुसरं कोणी असतं तर मी काहीतरी थाप मारली असती," ती म्हणाली. "माझी आई अकिताहून येतेय. आठला पोचेल. तीही पहिल्यांदाच येतेय."

ती खूप वेळ वाकून उभी राहिली. मीच तिला खांद्याला धरून सरळ केलं.

खोलीत किरितानी जाड मार्करनं गाण्यांची यादी करत होता. नऊ गाणी लिहिली होती, खाली रेघ मारून वन्स मोअरसाठी आणखी दोन. पहिल्या बँडला वन्स मोअर मिळत नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, क्रम सरळ आहे, आपण साडेपाचला, अर्धा तास. त्यानं कागदाकडे पाहिलं आणि तळापासून एकेक गाणं खोडायला सुरुवात केली. पाच उरल्यावर थांबला. मग चिहायाला फोन करून सांगितलं की गडबड झाली, राहू दे, उगीच धावत येऊ नकोस.

"असू दे," फोन ठेवून तो मला म्हणाला. आवाज चक्क हसरा होता. "पुढच्या वेळी. नोव्हेंबरात येऊच की परत इथं. तोपर्यंत मी मेल वाचायला शिकतो."

नुमाजिरी उठून बाहेर गेला.

"नोव्हेंबर नाही, किरि," मी म्हणाले. "मी सोडतेय. आजचं शेवटचं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, नुमाजिरीला माहीत आहे का. मी होकाराची मान हलवली, तेव्हा त्याला कळलं असावं की जाणारे दोघं आहेत. कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, कोरियामापासून.

"म्हणजे तिथून इथवर मी गाडीत गात होतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही दोघं ऐकत होतात."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हातानं थांबवलं आणि पुन्हा फोन उचलला. चार वाजून गेले होते. बेकरीतली गर्दी, गल्ल्याच्या यंत्राची टुणटुण आणि चिहायाचा वैतागलेला आवाज मलाही ऐकू येत होता.

"चिहाया, परत मीच. आत्ताच्या आत्ता निघ. नाही, आठला नाही, साडेपाचला. मालकाला सांग, घरात कोणीतरी गेलं म्हणून."

कोण गेलं, असं तिनं घाबरून विचारलं.

"आमचा बँड. तुझी त्याच्याशी कधी भेट झाली नाही," तो म्हणाला. "म्हणून तर ये म्हणतोय."